इव्हेंट कंपनीतली इंटर्नशिप: वॉकीटॉकी हातात, पण बोलायची मुभा नाही

आजचा एपिसोड मी डोंगरकड्यातून, आमच्या घराच्या माळवदावरून रेकॉर्ड करतोय. मध्येच मोटारीचा आवाज आला, कुत्रं भुंकलं तर समजून घ्या. ज्यांना गाव माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, नांदेडहून हिंगोलीकडं निघालात की अर्धापूर मागं टाकायचं आणि वारंगा फाट्याच्या अलीकडं उतरायचं. तालुका कळमनुरी. केळीचा पट्टा आहे.

विषय कसा सुचला ते सांगतो. माझी चुलत बहीण पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. परवा जेवताना तिनं मोबाइल पुढं केला. कुठल्या तरी इव्हेंट कंपनीचं रील होतं. काळे टी-शर्ट, कानात वॉकीचं इअरपीस, मागं भली मोठी एलईडी वॉल आणि खाली ‘इंटर्न पाहिजेत’. म्हणाली, “दादा, तू केलं होतंस ना हे? भारी असतं का रे? सेलिब्रिटी बघायला मिळतात म्हणे.”

मी म्हटलं, मिळतात. पाठमोऱ्या.

ती हसली. पण मग मला वाटलं, हिला नीट सांगायला पाहिजे. चांगलंही आणि वाईटही. तिला सांगितलं तेच आज तुम्हाला सांगतो. आणि एक गोष्ट तिलाही पूर्ण सांगितली नव्हती, ती आज सांगणार आहे.

तर २०१९. बीटेक झालं होतं, कॅम्पसमध्ये काही लागलं नव्हतं. नांदेडहून रात्रीची ट्रॅव्हल्स पकडून पुण्याला गेलो. तिघांत एक खोली, दिवसा कोडिंगचा क्लास. घरून पैसे मागायची लाज वाटायला लागली होती. रूममधला एक मित्र म्हणाला, एका इव्हेंट कंपनीत इंटर्न घेतायत, महिना सहा हजार, संध्याकाळचं काम आहे, क्लासही होईल. कंपनीचं नाव मी घेणार नाही, त्यात काही अर्थ नाही. लहान कंपनी होती. लग्नं, संगीत, कंपन्यांचे अॅन्युअल डे, दुकानांची उद्घाटनं असलं काम.

‘संध्याकाळचं काम’ हे पहिलं खोटं. तसं ते खोटंही नव्हतं म्हणा, कार्यक्रम संध्याकाळचाच असतो. पण संध्याकाळी सातच्या कार्यक्रमाचा कॉल टाइम सकाळी सातचा असतो. कॉल टाइम म्हणजे तुम्ही जागेवर हजर पाहिजे ती वेळ. आदल्या रात्री ट्रसचे ट्रक येतात. ट्रस म्हणजे लाइट आणि पडदे टांगायचा तो ॲल्युमिनियमचा सांगाडा. तो उभा राहतो, मग साउंड, मग एलईडी वॉल, मग डेकोरेशनवाले, मग फुलवाले. फुलवाले कायम शेवटी, कारण फुलं सुकतात. या सगळ्यांत इंटर्न काय करतो? मोजतो.

खरंच सांगतो, मोजणं हेच काम. खुर्च्या मोजायच्या. साडेतीनशे सांगितल्या होत्या, तीनशे वीस आल्या. पाण्याचे बॉक्स मोजायचे. रिस्टबँड मोजायचे. पार्किंगचे पास मोजायचे. उरलेल्या वेळात वाट बघायची. जनरेटरची गाडी अजून आली नाही, फाटकापाशी उभं राहा. अँकर ट्रॅफिकमध्ये आहे, फोन करत राहा. पाहुण्यांसाठी ठेवलेलं शाल-श्रीफळ कुणाकडं आहे ते शोध. माझ्या खिशात कायम केबल टाय, एक कात्री, मार्कर आणि काळ्या टेपचं बंडल असायचं. आजही सॅकमध्ये केबल टाय सापडतात.

कार्यक्रम संपला की पाहुणे जातात आणि आपलं अर्धं काम तिथून सुरू होतं. सगळं उतरवायचं, मोजून परत द्यायचं. एक वायर कमी भरली की व्हेंडर पैसे कापणार. पहाटे तीन-साडेतीनला मोकळं व्हायचं आणि मग दुचाकीवर झोप आवरत खोली गाठायची. लॉन गावाबाहेर, रस्ता मोकळा, डोळे मिटायला लागलेले. या कामातली सगळ्यात धोक्याची वेळ कुठली असं विचाराल तर मी स्टेज सांगणार नाही, हा घरी जायचा रस्ता सांगेन. आमच्यातल्या एका मुलीला रात्री दोनला सांगितलं होतं, ‘तू निघ, उद्या उशिरा ये.’ कशानं निघ, हे कुणी सांगितलं नाही. आम्ही दोघं तिच्या गाडीमागं गाडी लावून तिला हॉस्टेलपर्यंत सोडून आलो.

आता पैशांचं बोलू. सहा हजारांतले दीड-दोन हजार पेट्रोलमध्ये जायचे. जेवण मिळायचं, पण पाहुण्यांची जेवणं उरकल्यावर. ‘इंटर्न’ हा शब्द ऐकायला भारी वाटतो, पण तो फार मोकळा शब्द आहे. ‘अप्रेंटिस’ तसा नाही. अप्रेंटिससाठी १९६१ चा कायदा आहे, लेखी करार होतो, किमान विद्यावेतन ठरलेलं असतं. सरकारी योजनांतही आकडा लिहिलेला असतो. २०२४ मध्ये राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली तेव्हा बारावीला सहा हजार, आयटीआय-डिप्लोमाला आठ आणि पदवीधराला दहा हजार असे आकडे होते. त्याच वर्षी केंद्राची पीएम इंटर्नशिप योजना आली, तिच्यात महिना पाच हजार आणि सुरुवातीला एकदाच सहा हजार. रक्कम कमी म्हणा, जास्त म्हणा, पण कागदावर आहे. लहान कंपनीत ‘बघू, दिवाळीनंतर करू’ हाच कागद असतो. माझा शेवटच्या महिन्याचा स्टायपेंड अजून यायचाय.

मग सगळं वाईटच होतं का? नाही ना. एवढ्या वर्षांत जे कुठं शिकलो नाही ते तिथं शिकलो. सॉफ्टवेअरमध्ये आज मी रिलीज करतो, काही फुटलं तर जुनं व्हर्जन परत चढवता येतं. लग्नात तसं नाही. मुहूर्त एकदाच येतो. त्यामुळं ‘हे फुटलं तर काय’ असा विचार आधीच करायची सवय लागली. दुसरा माइक तयार ठेवायचा. गाणी दोन पेनड्राइव्हवर ठेवायची. रात्री दहाला लाउडस्पीकर बंद, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतला नियम आहे. तो माहीत नसलेला क्लायंट पावणेदहाला म्हणतो, ‘अजून तीन डान्स बाकी आहेत.’ अशा वेळी आवाज न चढवता बोलायचं कसं, हे शिकलो. मला वाटतं आज ऑफिसात क्लायंट कॉलवर मी घाबरत नाही त्याचं कारण ते आहे.

आणि माणसं शिकलो. साउंडवाला, लाइटवाला, मंडपवाला, आचारी. रीलमध्ये यांच्यातलं कुणीच दिसत नाही, पण कार्यक्रम यांच्यावर उभा असतो. त्यातल्याच एकाची गोष्ट आता सांगतो.

जनरेटरवर एक जण असायचे. पन्नाशीचे, बारीक अंगाचे. पहिल्याच आठवड्यात माझं बोलणं ऐकून म्हणाले, “कुठला रे तू?” म्हटलं, डोंगरकडा. “वारंग्याच्या अलीकडचं? अरे, आमची सासुरवाडी बाळापूरची!” झालं. आखाडा बाळापूर आमच्यापासून किती लांब, जवळच. त्या दिवसापासून मी त्यांना मामा म्हणायला लागलो. ते मला कार्यक्रमात चहा प्यायला जनरेटरमागं बोलवायचे. वायर कशी ओढायची, जॉइंट कधी जमिनीवर ठेवायचा नाही, अर्थिंग म्हणजे काय. इंजिनिअर मी होतो, पण अर्थिंग हातानं कधी केली नव्हती. ती त्यांनी शिकवली.

डिसेंबर होता. पुण्याबाहेरच्या एका लॉनवर संगीताचा कार्यक्रम. माझी ड्युटी स्टेजच्या डाव्या पायऱ्यांशी. पुढचा आयटम लहान मुलांचा होता, अकरा पोरं, सगळ्यात धाकटं असेल पाचेक वर्षांचं. पोरं रांगेत उभी करून मी पायरीच्या स्टीलच्या रेलिंगला हात लावला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. परत बोटाच्या मागच्या बाजूनं लावून बघितला. परत तेच. करंट उतरत होता.

खाली बघितलं तर हिरव्या मॅटिंगखालून पाणी येत होतं. शेजारी कोल्ड्रिंकचं काउंटर होतं, त्याच्या टबातला बर्फ वितळून ते पाणी थेट मॅटिंगखाली शिरलेलं. आणि तिथंच खाली वायरचा जॉइंट.

मी वॉकीवर सांगितलं, “लेफ्ट स्टेअरला करंट आहे.” उत्तर आलं, “शो चालू आहे. दहा मिनिटं थांब. कुणाला हात लावू देऊ नको.”

आता विचार करा. अकरा पोरं, अंधार, मोठ्यानं गाणं आणि ‘हात लावू देऊ नको’. मी पोरांना मागं घेतलं, दुसऱ्या इंटर्नला तिथं उभं केलं आणि जनरेटरकडं पळालो. मामांना सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, “वर सांगितलंस का?” म्हटलं, सांगितलं, थांब म्हणाले. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि स्टेजची लाइन खाली ओढली.

सगळं बंद. गाणं बंद, लाइट बंद, एलईडी वॉल काळी. मामा टॉर्च घेऊन आले, मॅटिंग उचललं, जॉइंट काढला, नवा केला, खुर्चीवर उचलून बांधला. रेलिंगला टेस्टर लावून बघितला, मग लाइन चालू केली. चार मिनिटं लागली असतील, फार तर पाच. पोरं वर गेली, नाचली, टाळ्या झाल्या. कुणाला काही कळलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर मॅनेजरनं सगळ्यांना गोळा केलं. क्लायंट चिडला होता, त्याच्या पाहुण्यांसमोर अंधार झाला म्हणून. मॅनेजरनं विचारलं, “लाइन कुणाच्या सांगण्यावरून बंद केली?”

मामांनी एकदा माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. हातात केबल टायचं पाकीट होतं, ते बघत बसलो.

मामा म्हणाले, “मीच केली साहेब. करंट उतरत होता.”

“विचारायची पद्धत नाही का?”

ते काही बोलले नाहीत. त्यांची त्या दिवसाची हजेरी कापली. सातशे रुपये. आणि त्यांच्या कंत्राटदाराला निरोप गेला की पुढच्या वेळी हा माणूस पाठवू नका. पुढच्या कार्यक्रमाला जनरेटरवर दुसराच पोरगा होता.

मी तेव्हा एवढंच म्हणायला पाहिजे होतं, “साहेब, मी सांगितलं त्यांना. आधी वॉकीवर तुम्हाला सांगितलं होतं.” दोन वाक्यं. नाही म्हणालो. का नाही? सर्टिफिकेट पाहिजे होतं. दोन महिन्यांचा स्टायपेंड अडकला होता. आणि खरं सांगू का, घाबरलो होतो. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला, कार्यक्रमच बंद झाले, मी गावाकडं आलो, इथंच बसून कोडिंग पक्कं केलं आणि पुढं नोकरी लागली. सर्टिफिकेट मेलवर आलं. त्यात लिहिलंय की मी दबावातही शांत राहतो.

मामांचा नंबर होता माझ्याकडं. नोकरी लागल्यावर लावला तर तो दुसऱ्याच माणसाकडं गेला होता. बाळापूरला दोन-चार ठिकाणी विचारलं, पण नुसत्या ‘जनरेटरवाले मामा’ एवढ्यावर माणूस कसा सापडणार? मला त्यांचं आडनावही नीट माहीत नव्हतं. ते सातशे रुपये माझ्याकडं आहेत असं मी धरतो.

ही गोष्ट मी इतके दिवस कुणाला सांगितली नव्हती. पण २०२३ मध्ये एक बातमी वाचली आणि ती परत वर आली. तुम्हाला आठवत असेल. १६ एप्रिल २०२३, नवी मुंबईत खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा कार्यक्रम. मैदान उघडं, लाखो माणसं, एप्रिलचं ऊन. मंचावर छत होतं, समोर बसलेल्या माणसांवर नव्हतं. उष्माघातानं माणसं गेली, अधिकृत आकडा १४. त्यानंतर सरकारनं जाहीर केलं की उन्हाचा तडाखा कमी होईपर्यंत दुपारी १२ ते ५ उघड्यावर कार्यक्रम घ्यायचे नाहीत.

त्या कार्यक्रमाच्या आत काय झालं, कोण काय बोललं, ते मी सांगू शकत नाही. मी तिथं नव्हतो. पण कुठल्याही मोठ्या कार्यक्रमाची रचना मला माहीत आहे. निर्णय घेणारा माणूस मंचाजवळ असतो, सावलीत असतो, त्याचं लक्ष मिनिटामिनिटाच्या कागदावर असतो. गर्दीत कोण उभं असतं? स्वयंसेवक, गार्ड, पाणी वाटणारी पोरं, इंटर्न. पाणी संपलं हे पहिलं त्यांना कळतं. म्हातारी चक्कर येऊन बसली हे त्यांना दिसतं. रेलिंगला करंट आहे हे त्यांच्या हाताला कळतं. म्हणजे ज्याला सगळ्यात आधी कळतं, त्याच्या हातात थांबवायचं काही नसतं. हे या कामाचं खरं रूप आहे, आणि हे कुठल्याच रीलमध्ये नाही.

गावात आम्ही लहानपणी पंगतीत वाढायचो. आता आमच्याकडंही बुफे आला, पण तेव्हा गल्लीतली सगळी पोरं लग्नात वाढपी. सगळ्यात लहान पोराकडं पाण्याचा जग द्यायचे. आणि त्या पोरानं ओरडून सांगितलं ना, ‘पाणी सरलं’, की आचाऱ्यापासून नवरीच्या बापापर्यंत सगळे हलायचे. ‘तू कोण सांगणारा’ असं कुणी म्हणायचं नाही. गावातलं सगळं चांगलंच असतं असं मी म्हणत नाही. मांडवात आकडा टाकून वीज घेणारेही आमचेच. पण पाण्याच्या पोराचं ऐकायचं, एवढं मात्र होतं.

तर बहिणीला मी काय सांगितलं? जाऊ नको असं नाही सांगितलं. जा म्हटलं. वीस-एकविसाव्या वर्षी अनोळखी दोनशे माणसांत उभं राहून काम काढून घेता येणं ही फार मोठी गोष्ट आहे. पण जायच्या आधी पाच गोष्टी विचार, म्हटलं. त्या तुम्हीपण लिहून घ्या.

पहिली, स्टायपेंड किती आणि कुठल्या तारखेला. व्हॉट्सॲपवर का होईना, लेखी घ्या.

दुसरी, कॉल टाइम काय आणि सुटका किती वाजता. सलग दोन रात्री असतील तर मधे सुट्टी आहे का.

तिसरी, रात्री परत जायची सोय कोण करणार. याचं उत्तर ‘बघू’ असं आलं तर मी त्याला ‘नाही’ समजतो.

चौथी, मी नेमकं कुणाच्या हाताखाली. चार जण चार कामं सांगतात आणि चुकलं की इंटर्नचं नाव येतं.

आणि पाचवी, हा प्रश्न मी तेव्हा विचारला नव्हता. ‘काही धोक्याचं दिसलं तर मी कुणाला सांगायचं आणि त्यांनी थांब म्हटलं तर काय करायचं?’ हे इंटरव्ह्यूमध्ये विचारा. समोरचा गोंधळला तर गोंधळू द्या. ज्या कंपनीकडं याचं उत्तर आहे तिथं बिनधास्त जा.

बहिणीनं विचारलं, “आणि उत्तर नसेल तर?”

मी म्हटलं, तरी पैशांची गरज असेल तर जाशीलच, मीही गेलो होतो. पण मग एक लक्षात ठेव. वॉकीवर सांगितलेलं हवेत जातं. लगेच ग्रुपवर एक ओळ टाक, फोटोसकट. ‘डाव्या पायरीला करंट, ९.१० ला सांगितलं.’ माझ्याकडं ती एक ओळ असती तर त्या रात्री मला धीर आला असता. कदाचित. खात्री नाही, कारण ओळ असली तरी तोंड उघडावं लागतंच. आणि तुझ्यासाठी कुणी लाइन खाली ओढली तर त्याचं नाव विचारून ठेव. पूर्ण नाव, आडनावासकट.

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मामांना शोधू या का परत? बाळापूरला माझी मैत्रीण आहे.”

तर उद्या आम्ही दोघं बाळापूरला चाललोय. सापडतील की नाही माहीत नाही. सापडले तर त्यांना विचारल्याशिवाय इथं काही सांगणार नाही.

तुमच्यातलं कुणी इव्हेंटमध्ये काम केलं असेल, स्टेजमागं, जनरेटरवर, वाढपी म्हणून, तर मला व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये त्यातल्या काही ऐकू. आणि आत्ता कुठल्या कार्यक्रमात काळा टी-शर्ट घालून उभे असाल तर आधी पाणी प्या आणि रात्री गाडी सावकाश चालवा.

चला, भेटू पुढच्या आठवड्यात.